सक्षम कुटुंब

त्या इमारतीतल्या सगळ्यात गुळगुळीत भिंती तिसऱ्या मजल्यावरच्या रंगाऱ्याच्या घरात होत्या. यात नवल ते काय, असं कोणी म्हणेल. पण ज्याचा रंगाऱ्यांशी संबंध आला आहे त्याला नवल वाटेल. शिंप्याचा सदरा उसवलेला, सुताराची खुर्ची डुगडुगती आणि रंगाऱ्याच्या भिंतीला पोपडे, ही जगाची रीतच आहे. दिवसभर लोकांच्या भिंती घासून आलेला माणूस घरी आल्यावर स्वतःच्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

या रंगाऱ्याला तसं बसता येत नव्हतं, कारण त्याचा मुलगा भिंतींवर मुठी मारायचा.

मुलगा पंधरा वर्षांचा. पाळण्यात असताना दिवसा गाढ झोपायचा आणि रात्री डोळे वटारून बघत राहायचा, म्हणून घरात त्याला बोका म्हणू लागले, ते ओठांवर लव आली तरी सुटलं नाही. पूर्वी हा बोका बडबड्या होता. गेल्या दोनेक वर्षांत त्याच्या आत काहीतरी भरून यायला लागलं. वर्गात कोणी हसलं की, मोज्याची शिवण टोचली की, कधी काहीच झालं नाही तरी. आधी तो गप्प व्हायचा, मग कानांवर हात घट्ट दाबायचा, आणि मग जी भिंत जवळ असेल तिच्यावर तुटून पडायचा. खोल्यांमधल्या भिंती पातळ, आतून पोकळ. मूठ लागली की खळगा पडे, कधी आरपार भोक. वादळ ओसरलं की तो पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत अंग मुडपून बसायचा आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणायचा, मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं.

हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं त्या दिवशी रंगाऱ्याने घरातल्या सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून टाकल्या. न्हाणीघराचीसुद्धा.

भिंतींचा नियमही तेव्हापासूनचा. खळगा पडला की त्याच संध्याकाळी बुजवायचा. रंगारी कामावरून आला की हातपाय न धुता पुट्टीचा डबा उघडायचा, पुट्टी ओढायच्या पत्र्याने खळगा भरायचा, वाळला की पॉलिश पेपरने घासायचा आणि वर रंगाचा हात द्यायचा. घराचा रंग पांढऱ्यात चिमूटभर पिवळा. तो पुन्हा जुळवायला कठीण, म्हणून त्याने एक अख्खा ड्रम एकदम कालवून जिन्याखाली ठेवला होता. सकाळी उठल्यावर त्याला भिंत कोरी दिसली पाहिजे, एवढंच तो म्हणायचा. कालची लाज पोरानं आज पुन्हा कशाला बघायची?

बैठकीच्या खोलीला पश्चिमेची खिडकी होती. तिला त्याने जाड पडदा लावला होता आणि दुपार कलली की तो ओढायचाच, असा दंडक होता. समोरून भिंत कितीही कोरी दिसली, तरी आडव्या उन्हात बुजवलेली प्रत्येक जागा वर येते, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

बापाची माया ती एवढीच आणि अशी होती. पुढे ती त्यांच्याच अंगाशी आली, हा भाग वेगळा.

बोक्याची आई सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घ्यायची. कोणाचं पार्सल फुटलेलं, कोणाचं भलत्याच्या दारात टाकलेलं. लोक तोंडाला येईल ते बोलायचे आणि तिने त्यांना थंड करायचं. “तुमची अडचण माझ्या लक्षात आली आहे” हे वाक्य ती अशा काही आवाजात म्हणायची की ओरडणाऱ्याला आपलीच लाज वाटावी. तिचे साहेब म्हणत, या बाई पेटत्या आगीशी बोलल्या तरी आग माफी मागून विझेल. नोकरीत ते कौतुक होतं. मुलाच्या मनाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं की घरात कोणाचाही आवाज चढता कामा नये, राग दाखवायचा नाही, हळू बोलायचं, आणि मग या आईला तोंडातून दुसरा आवाज काढायला जागाच उरली नाही. ऑफिसात तोच, घरी तोच. भाजीवाल्याने सडका माल पिशवीत घातला तरी ती म्हणायची, तुमची अडचण माझ्या लक्षात आली आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक इतकाच की तोंडही तिने स्वतःच दाबलेलं.

पुढे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी सुचवलं की बोक्याला मधल्या सुट्टीनंतर घरी नेत जा, त्याच्याच भल्यासाठी. त्याच्या भल्याची त्यांना इतकी काळजी होती की उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे विचारायलाही त्यांना सवड झाली नाही. आईने कंपनीकडून घरून काम मागून घेतलं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर संगणक, डोक्यावर फोनची ती कानटोपी. पण ती एकाच कानावर. दुसरा कान बोक्याच्या खोलीकडे. बायामाणसांना दोन कान दोन कामांसाठीच दिलेत, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली. तो हसला, आणि ती चिडलेली आहे हे कळल्यावर हसू गिळून पुट्टी कालवायला गेला.

आणि सल्ले! ज्याचं जळतं त्याला कळतं, पण ज्याचं जळत नाही त्याला बोलता फार छान येतं. नणंद दर आठवड्याला फोन करून सांगायची, वहिनी, तू त्याला डोक्यावर चढवून ठेवलंयस, चार दिवस माझ्याकडे पाठव, सरळ करून देते. एकदा आईने खरंच विचारलं, पाठवू का? तर नणंदेच्या घराला नेमका त्याच आठवड्यात रंग काढायचा होता. तो रंग रंगाऱ्यानेच फुकट दिला. खालच्या मजल्यावरचे काका तोंडाने काही बोलत नसत. वर आवाज झाला की ते झाडूच्या दांड्याने आपलं छत ठोकत, आणि दुसऱ्या दिवशी आई खाली जाऊन माफी मागून येई. काका दार अर्धंच उघडत आणि माफी पूर्ण घेत.

डॉक्टर तर देवमाणूस. त्यांनी तिला एक रंगीत पत्रक दिलं: पालकांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी. त्यात पहिलीच सूचना होती की रोज थोडा वेळ दार लावून, गरम पाण्याने, निवांत अंघोळ करावी. ती न्हाणीघरात उभी राहून ते वाचत होती आणि कडी नसलेलं दार पायाने दाबून धरत होती. तिला हसू आलं. ते हसू बराच वेळ थांबेना, तेव्हा तिने नळ सोडला.

पण हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ती फ्रिज उघडायची आणि कशासाठी उघडला ते न आठवून थंड हवेत उभी राहायची. बहिणीचं नाव तिच्या जिभेवर आलं नाही एकदा, सख्ख्या बहिणीचं. आणि एका संध्याकाळी बोका त्या फटीत बसून हमसून हमसून रडत होता, ती शेजारी बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, तोंडाने नेहमीची वाक्यं चालू होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला आत काहीच होत नाहीये. दया नाही, भीती नाही. बँकेच्या रांगेत येतो तसा कंटाळा आलाय. पोटचा पोर रडतोय आणि आपल्याला कंटाळा आलाय. विहीर आटते तेव्हा आवाज होत नाही. तिला त्या दिवशी बोक्याची नाही, स्वतःची भीती वाटली.

म्हणून तिने कुटुंब साहाय्य कार्यालयात अर्ज केला. अशा मुलांची माहिती असलेलं एक शिकलेलं माणूस आठवड्यातून तीन दुपारी घरी येणार, मुलाजवळ थांबणार, त्याला बाहेर नेणार, बोलतं करणार. त्या वेळात आईने झोपावं, फिरावं, भिंतीकडे बघत बसावं, काय वाटेल ते करावं. तिला फक्त तेवढं हवं होतं. तीन दुपारी. त्या मिळाल्या नाहीत तर आपलं काय होईल हे तिला नीट सांगता आलं नसतं, पण ते लवकर होईल एवढं कळत होतं.

कार्यालयातून पाहणीच्या बाई येणार असं ठरलं. आणि इथे त्यांनी जी चूक केली ती असल्याच घरातली माणसं करू जाणोत. घरी पाहुणा येणार म्हटल्यावर त्यांनी घर आवरलं. फरशी पुसली. टेबलावर धुतलेलं कापड घातलं. रंगाऱ्याने सुट्टी घेऊन आदल्या दिवशी बैठकीच्या खोलीला आणखी एक हात मारला, कारण दाराजवळचा ताजा डाग त्याला बोचत होता. बाई सकाळी आल्या. बोका शाळेत होता. आईने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मुठी, फट, ते वाक्य, कड्या. पण सांगितलं आपल्या त्या आवाजात. वाक्याला वाक्य लागून, मध्ये श्वास घेऊन, बाईंना पाणी विचारत. बाई घरभर फिरल्या, भिंतींकडे बघून म्हणाल्या, किती प्रसन्न घर आहे हो तुमचं. आणि जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या की तुमच्यासारख्या आया असल्या तर आमची कामंच कमी होतील.

निकाल फोनवर कळला. पलीकडच्या मुलीने आधी नाव विचारलं, मग थोडं वाट बघायला लावणारं संगीत ऐकवलं, आणि मग वाचून दाखवलं: घरात नुकसानीच्या खुणा आढळल्या नाहीत. आईची मनःस्थिती स्थिर. कुटुंब सक्षम आहे. सबब साहाय्याची आवश्यकता नाही.

“तुमची अडचण माझ्या लक्षात आली आहे,” ती मुलगी शेवटी म्हणाली.

आईने कानटोपी काढून टेबलावर ठेवली. सक्षम! म्हणजे काय, तर मोडलेलं दिसत नाही ते सक्षम. आम्ही रोज रात्री जागून मोडलेलं जोडायचं, आणि तुम्ही जोड बघून म्हणायचं, छान आहे की. बुडणाऱ्याने नीट हात मारले तर त्याला पोहता येतं असं समजून काठावरचे घरी जाणार. हे सगळं तिच्या मनात कुठल्याही वाक्यात आलं नाही. तिच्या हातात जाड बुडाचं दुधाचं पातेलं होतं, धुऊन पुसून ठेवायला घेतलेलं. ते तिने होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर फेकलं.

आवाज झाला. खालून काकांनी ठोकलं. ती बोक्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आत तो पालथा झोपलेला दिसला. मग परत येऊन तिने पुट्टीचा डबा काढला. पातेल्याच्या काठाने कोपरा असलेला, वेडावाकडा खळगा पडला होता. तिने तो हाताला येईल तसा भरला, वाळायच्या आत घासला, वर रंग फासला, आणि भिंतीशी टेकवून कचऱ्याची बादली ठेवली. कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? तक्रारी घेणाऱ्या बाईची तक्रार घेणारं कोणी नव्हतं. शिवाय तिला भीती होती. आई भांडी फेकते असं त्या कार्यालयाला कळलं, तर मदत राहिली बाजूला, मुलगाच घेऊन जातील.

तरी नोकरीने तिला एक गोष्ट शिकवली होती. जो गिऱ्हाईक “वरिष्ठांशी बोलायचंय” एवढं एकच वाक्य धरून बसतो, त्याचं काम होतं. ती त्या वाक्याला घोरपडीसारखी चिकटली. शेवटी पुन्हा पाहणी करायचं ठरलं. त्याच बाई येणार होत्या, पण या वेळी दुपारी. त्यांच्या सकाळच्या वेळा भरलेल्या होत्या.

त्या आधीच्या रविवारी नवराबायकोत जुंपली. कुजबुजत जुंपली, कारण त्या घरात भांडणही हळू आवाजातच करायचं होतं. ती म्हणाली की आता पुट्टीला हात लावायचा नाही, जे पडेल ते बाईंना दिसू दे. रंगाऱ्याने पुट्टीच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग म्हणाला, “आणि त्याला? त्यालाही दिसेल ना. रोज. येता-जाता.”

“चार दिवस दिसेल.”

“पोराची लाज भिंतीवर टांगायची आणि तिच्याखाली बसून मदत मागायची. हे मला नाही जमणार गं.”

“मग मी काय टांगू? मला?”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि म्हणूनच तिचा संताप नवऱ्यावरून सुटून त्या कार्यालयावर जाऊन बसला. मदत द्यायची तर द्या. पण आधी मुलाला उघडं करून दाखवा, मग देतो, ही कुठली तऱ्हा?

भांडण फुकट गेलं, कारण बोका त्या आठवड्यात गाईसारखा शांत राहिला. दुखरा दात डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबतो, तसा. शाळेत गेला, जेवला, एकदा तर बापाला कसल्याशा व्हिडिओतला विनोद सांगितला. नवा खळगा एकही नाही. आई त्याच्याकडे बघून मनात म्हणाली, कर रे बाबा काहीतरी, आणि मग आपण काय म्हणालो ते कळून तिच्या अंगावर काटा आला.

बाई आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पडदा नेमाप्रमाणे ओढलेला. बोका आपल्या खोलीत होता, दार लोटलेलं. बाई सोफ्यावर बसल्या, कागद मांडीवर घेतले आणि म्हणाल्या की गेल्या वेळेपेक्षाही घर छान दिसतंय. मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे अर्ज किती, माणसं किती थोडी, काही घरांत तर दारं मोडलेली असतात, काचा फुटलेल्या असतात. आधी मदत तिथे द्यावी लागते. आईने मान हलवली. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “तुमची अडचण माझ्या लक्षात…”

तिथे ती थांबली. ते वाक्य तिला पुरं करवेना. ती उठली आणि खिडकीकडे गेली.

रंगाऱ्याच्या लक्षात आलं. तो अर्धवट उठून म्हणाला, “अगं, बाईंच्या डोळ्यांवर ऊन येईल.”

“येऊ द्या,” ती म्हणाली, आणि तिने पडदा बाजूला सारला.

ऊन लांबलचक भिंतीला घासून आत आलं. भिंत बदलली. क्षणापूर्वी जी साबणाच्या वडीसारखी होती तिच्यावर देवी आल्यासारखे व्रण उठले. गोल, लांबट, एकावर एक. पत्र्याच्या फटकाऱ्यांच्या कडा, पॉलिश पेपरची वर्तुळं. जुने खाली होते, कमरेच्या उंचीवर. नवे वर वर सरकत गेलेले. लोक दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मुलाची उंची मांडतात, तशी या घरातही मांडलेली होती.

बाई उठल्या. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि चालत चालत तो फिरवत नेला. रंगारी मान खाली घालून बसला. चांगल्या कामाची अशी शिक्षा त्याला आयुष्यात झाली नव्हती.

“हे सगळं मुलाने?” बाईंनी विचारलं.

“आणि यांनी,” आई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “त्याने पाडायचं, यांनी बुजवायचं. तुम्हाला काही आढळलं नाही ना, म्हणून दाखवलं.”

बाई स्वयंपाकघराच्या दाराशी पोचल्या होत्या. त्यांनी पायाने कचऱ्याची बादली जरा सरकवली आणि वाकून पाहिलं. “हा वेगळा दिसतो,” त्या म्हणाल्या. “याला कोपरा आहे. आणि भरलाय पण किती खडबडीत.”

रंगाऱ्याने आईकडे पाहिलं नाही. परक्या हाताची पुट्टी त्याला पहिल्याच दिवशी ओळखू आली होती, आणि त्याने त्यावर ना पत्रा फिरवला होता ना शब्द काढला होता.

“तो माझा नाही,” मागून कोणीतरी म्हणालं.

बोका खोलीच्या दारात उभा होता. आई पुढे झाली, तू आत जा म्हणाली, पण तो उन्हातल्या भिंतीकडे बघत होता. त्याला नवल वाटल्याचं काही दिसलं नाही.

“बाबांना वाटतं मला दिसत नाहीत,” तो बाईंना म्हणाला. “मला सगळे माहीत आहेत. नुसता हात फिरवला तरी कळतात. तो तेवढा माझा नाही. तो आईचा आहे.”

“बोक्या…”

“तुमच्या ऑफिसातून फोन आला ना, त्या दिवशीचा. पातेलं फेकलं तिने. मी जागा होतो.” तो थांबला. आता गप्प होईल, मग कानांवर हात जातील, असं आईला वाटलं, आणि तिचं अंग सवयीने ताठ झालं. पण तो फक्त शब्द शोधत होता. “मला बरं वाटलं तेव्हा. मला वाटायचं हिला राग येतच नाही. म्हणजे घरात वेडा मी एकटाच.”

इतक्या दिवसांचा तो हळू आवाज, ती गोड वाक्यं, तिने आपल्या जिवाचं पाणी करून त्याच्याभोवती घातलेली ती मऊ भिंत. आणि तिच्या आत हा पोर एकटा बसला होता. हे तिला कोणत्याही डॉक्टरने सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते नेमकं उलट.

बाईंचा चेहरा मात्र उजळला. दुष्टपणाने नव्हे, त्यांना वाट सापडली होती. त्या परत सोफ्यावर येऊन बसल्या आणि आईला झोपेबद्दल, जेवणाबद्दल, विसरण्याबद्दल भराभर प्रश्न विचारू लागल्या. मग म्हणाल्या की असं असेल तर हे प्रकरण वेगळ्या कलमात बसतं. पालक खचण्याच्या बेतात असेल तर मदत तातडीत देता येते. मुलगा न्यायचा प्रश्नच नाही, घाबरू नका. सोमवारपासून माणूस येईल, मी बघते.

“म्हणजे,” आई सावकाश म्हणाली, “या अख्ख्या भिंतीला मदत नव्हती. माझ्या त्या एका खळग्याला आहे.”

“नियम तसे आहेत हो.”

“मी पातेलं फेकायला हवं होतं. पहिल्या दिवशीच. तुमच्यासमोर.”

“तसं नाही,” बाई समजुतीने म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका मऊ होता, इतका ओळखीचा होता की आईच्या कानशिलात काहीतरी तडकलं. “पण तुम्ही हे आधीच सांगायला हवं होतं ना.”

“सांगितलं होतं,” आई म्हणाली.

तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. रंगाऱ्याने मान वर केली.

“याच सोफ्यावर बसून सांगितलं होतं. सगळं. हळू आवाजात सांगितलं होतं, म्हणून तुम्हाला ऐकू आलं नाही. ओरडले असते तर म्हणाला असतात बाई बिघडलेली आहे. नाही ओरडले तर म्हणालात सक्षम आहे. फरशी पुसली तर सक्षम. पाणी विचारलं तर सक्षम. माझ्या मुलाला आम्ही सकाळी कोरी भिंत दाखवली, हा आमचा गुन्हा? तीन दुपारी मागितल्या होत्या मी! काय मागितलं होतं असं?”

शेवटच्या वाक्याला आवाज छताला लागला. हातातला पेला आपण टेबलावर कधी आपटला हे तिलाही कळलं नाही. पाणी बाईंच्या कागदांवर गेलं. आणि खालून, नेमाप्रमाणे, काकांच्या झाडूचा दांडा वाजला: ठक, ठक, ठक.

“आई,” बोका म्हणाला, थेट डॉक्टरांच्या सुरात, “आवाज.”

तो चेष्टा करतोय की काय हे तिला आधी कळेना. दुसऱ्या कोणाला तर मुळीच कळलं नसतं. बाई ओले कागद झटकत होत्या, रंगारी फडकं आणायला उठला होता. खालून पुन्हा ठोकलं, जास्त जोरात. इतकी वर्षं तो आवाज आला की तिच्या मनात दुसऱ्या दिवशीच्या माफीची वाक्यं आपोआप जुळायला लागत. तशी ती आत्ताही जुळायला लागली. काका, तुम्हाला त्रास झाला, माझ्या लक्षात…

तिने पाय उचलला आणि टाच जमिनीवर आपटली. एकदा. मग पुन्हा, सगळ्या अंगानिशी, कपाटातली भांडी खणखणेपर्यंत.

खाली सामसूम झाली.

तिने दारात पाहिलं. बोका अजून तिथेच उभा होता, हात खाली सोडून. कानांवर ते गेले नव्हते.